रेव्हिटमधे ग्रिड आणि लेव्हल कशा सांभाळायच्या, आणि गायब झाल्या की कुठे शोधायच्या

"दादा, चौथ्या मजल्यावर ग्रिडच नाहीये."

हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच, कधी ऑफिसातल्या पोराचा, कधी इथून शिकून इंदुरातच विजयनगरला दुसरीकडे लागलेल्या जुन्या पोराचा, आणि दर वेळी समोरचा घाबरलेला असतो कारण त्याला वाटतं कोणीतरी डिलीट मारली. डिलीट कोणीच मारलेली नसते. ग्रिड आपल्या जागी असते, फक्त तिची उंची तिसऱ्या मजल्यापर्यंतच असते. हे एकदा डोक्यात बसलं की रेव्हिटमधले (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) ग्रिड-लेव्हलचे निम्मे तरी प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून बटणं कुठे आहेत ते नंतर, आधी हे समजून घ्या.

ग्रिड म्हणजे कॉलम कुठे येणार ते ठरवणाऱ्या रेघा, लेव्हल म्हणजे मजल्याची उंची. ऑटोकॅडमधे ग्रिड म्हणजे कागदावरची रेघ. रेव्हिटमधे ती खालपासून वरपर्यंत लटकवलेला पडदा असतो. प्लॅनमधे आपण तो पडदा वरून बघतो म्हणून रेघ दिसते. लेव्हल तशीच, पण आडवी ताणलेली चादर, एलिव्हेशनमधे बाजूने बघितली की रेघ दिसते. आता पडद्याला लांबी आहे तशी उंचीपण आहे, आणि चादरीला चारही बाजूंनी कडा आहेत. तुमचा व्ह्यू जिथे कापतो तिथे पडदा पोचत नसेल तर ग्रिड दिसणार नाही, तुम्ही व्हिजिबिलिटी ग्राफिक्स (काय दिसावं, काय नाही ते ठरवायची खिडकी) उघडून शंभर वेळा टिक लावा नाहीतर काढा.

चौथ्या मजल्याची गोष्ट अशी असते की बिल्डिंग आधी तळमजला अधिक तीन असते, ग्रिड तेव्हा काढलेल्या, मग क्लायंटला दोन मजले अजून हवे होतात (इंदुरात सुपर कॉरिडॉरच्या बाजूला प्लॉट असेल तर हे होणार म्हणून धरूनच चाला), तुम्ही वर दोन लेव्हल टाकता, पण पडदे जुन्याच उंचीचे राहतात. उपाय सोपा आहे. साउथ एलिव्हेशनमधे जा, ग्रिडवर क्लिक करा, वरच्या टोकाचा पोकळ गोल धरून सगळ्यात वरच्या लेव्हलच्या पुढे ओढा. बाजूच्या ग्रिडची टोकं एका रांगेत लॉक असतील तर सगळ्या सोबतच वर जातात. पण इथे लोक थांबतात आणि परत फोन करतात, "दादा, एक-दोन-तीन आल्या पण ए-बी-सी नाही आल्या." अरे, साउथ एलिव्हेशनमधे फक्त त्या व्ह्यूला काटकोनात असलेल्या ग्रिड दिसतात, ए-बी-सी साठी ईस्ट किंवा वेस्टमधे जाऊन तेच परत करावं लागतं. आणि प्लॉट तिरका असेल, ग्रिड पण तिरक्या असतील, तर त्या चारही एलिव्हेशनमधे दिसत नाहीत, तिथे त्या ग्रिडला बरोबर काटकोनात एक सेक्शन टाका आणि त्यात ओढा.

लेव्हलचं उलटं. एक सेक्शन घेतला आणि त्यात एकही लेव्हल दिसत नाही, कारण मागच्या बाजूला नवीन विंग जोडली, सेक्शन तिथून जातोय आणि चादर जुन्या बिल्डिंगपुरतीच आहे. एलिव्हेशनमधे जाऊन लेव्हलची टोकं लांब करा, इथेपण दोन्ही दिशांनी. घाईत असाल तर लेव्हल सिलेक्ट करून राइट क्लिक, मॅक्झिमाइझ थ्रीडी एक्स्टेंट्स, बहुतेक वेळा काम होतं, पण मग टोकं कधीकधी फार लांब जातात आणि शीटवर विचित्र दिसतं, म्हणून मी हातानेच ओढतो.

आता थ्रीडी आणि टूडी. ग्रिड सिलेक्ट केली की टोकाजवळ बारीक अक्षरात थ्रीडी लिहिलेलं येतं. त्यावर क्लिक केलं की ते टूडी होतं आणि पोकळ गोलाच्या जागी भरलेला ठिपका येतो. थ्रीडी असताना टोक ओढलं तर खरा पडदाच लहान-मोठा होतो, म्हणजे सगळ्या व्ह्यूमधे फरक पडतो. टूडी असताना ओढलं तर फक्त त्या एका व्ह्यूत दिसायला बदलतं, पडदा तसाच राहतो. नवीन पोरं दिवसभर बाकी काही नाही तरी एक चूक हमखास करतात, पहिल्या मजल्याच्या शीटवर बबल (ग्रिडच्या टोकाचा, नाव लिहिलेला गोल) टायटल ब्लॉकला लागतोय म्हणून थ्रीडी टोक आत ओढतात, आणि तिकडे दुसऱ्या माणसाच्या पार्किंगच्या प्लॅनमधे बबल रॅम्पच्या मधोमध येऊन बसतो. मग दोघं एकमेकांवर चिडतात. शीट सजवायची असेल तर आधी टूडी करा, मग ओढा.

अजून एक, क्रॉप रीजन, म्हणजे व्ह्यूची चौकट, चालू असेल आणि त्याची कड ग्रिडला कापत असेल तर ते टोक रेव्हिट स्वतःच टूडी करून टाकतं. म्हणून कधीकधी तुम्ही काहीच केलेलं नसतं आणि तरी टोकं वेगळी वागतात. परत मूळ जागी आणायची तर राइट क्लिक करून रीसेट टू थ्रीडी एक्स्टेंट्स. आणि एका प्लॅनमधे टूडी टोकं छान लावली, तीच बाकी सहा प्लॅनमधे पाहिजे, तर सहा वेळा ओढत बसू नका, ग्रिड सिलेक्ट करून वर रिबनमधे प्रोपगेट एक्स्टेंट्स आहे, व्ह्यूची यादी येते, टिक लावा, ओके. मला हे बटण कामाला लागल्यावर दोन वर्षांनी कळलं, त्याच्या आधी किती संध्याकाळी वाया घातल्या ते विचारू नका.

बरं, आता मुळापासून. नवीन प्रोजेक्ट उघडला की आधी लेव्हल, मग ग्रिड. उलटं केलं तरी चालतं पण मग वरचं सगळं ओढाओढीचं काम गळ्यात पडतं, कारण ग्रिड काढताना तेव्हा असलेल्या लेव्हलच्या हिशोबाने पडद्याची उंची ठरते.

लेव्हल फक्त एलिव्हेशन नाहीतर सेक्शनमधेच टाकता येते, प्लॅनमधे ते बटण फिकट पडलेलं असतं, त्यामुळे "माझं रेव्हिट खराब झालंय" असं समजू नका. शॉर्टकट एलएल. टेम्प्लेटमधे दोन लेव्हल आधीच असतात, त्या डिलीट न करता त्यांचंच नाव बदला. नाव बदललं की विचारतो की त्या नावाचे व्ह्यूपण बदलू का, हो म्हणा. नावात पुढे आकडा ठेवा, ०० ग्राउंड, ०१ फर्स्ट, ०२ सेकंड असं, नाहीतर प्रोजेक्ट ब्राउझर नावाच्या अक्षराप्रमाणे लावतो आणि फर्स्ट फ्लोअर ग्राउंड फ्लोअरच्या वर जाऊन बसतो.

मजले सारखे असतील तर लोक लेव्हल कॉपी करतात, करा, पण लक्षात ठेवा की कॉपी केलेल्या लेव्हलचा प्लॅन आपोआप बनत नाही. ओळखायची खूण म्हणजे लेव्हलचं डोकं, म्हणजे टोकाचं चिन्ह, काळं दिसतं. एलएलने काढलेल्याचं निळं असतं आणि त्यावर डबल क्लिक केलं की प्लॅन उघडतो. काळ्याचा प्लॅन पाहिजे तर व्ह्यू टॅब, प्लॅन व्ह्यूज, फ्लोअर प्लॅन, तिथे ज्यांचे प्लॅन नाहीत त्याच लेव्हल दिसतात, निवडा. खरं तर हा फायदाच आहे, कारण प्रत्येक लेव्हलचा प्लॅन लागत नाही.

इथे माझं एक ठाम मत आहे. लेव्हल कमी ठेवा. मी एक मॉडेल बघितलं होतं, तळमजला अधिक चारची साधी बिल्डिंग आणि एकतीस लेव्हल. सिलची लेव्हल, लिंटेलची लेव्हल, फॉल्स सीलिंगची, बीमच्या खालची, जिन्याच्या मधल्या लँडिंगची. काम करणाऱ्याने भिंतीचा बेस भलत्याच लेव्हलला लावला तर कोणाला कळणार? माझा नियम असा, जिथे माणूस उभा राहून मजला म्हणतो तिथे लेव्हल, बाकी सगळं ऑफसेटने किंवा रेफरन्स प्लेनने, शॉर्टकट आरपी. आमच्या इंदूरचा राजवाडा मॉडेल करायचा म्हटला, सात मजल्यांचा आहे, खालचे तीन दगडाचे आणि वरचे लाकडाचे, तरी मी सात मजल्यांच्या लेव्हल, वर छत आणि खाली जमिनीची एक एवढंच टाकेन. झरोक्यासाठी लेव्हल नाही.

फिनिश लेव्हल आणि स्ट्रक्चरल स्लॅबची लेव्हल या दोन मात्र वेगळ्या लागतात, कारण फ्लोअरिंगचे ५०-७५ एमएम खाली आमचा, म्हणजे स्ट्रक्चरवाल्यांचा, स्लॅब असतो. दोन्हीचा लेव्हल टाइप डुप्लिकेट करून वेगळा ठेवा, रंग वेगळा द्या, आणि आर्किटेक्टच्या मॉडेलमधे फक्त फिनिशची, आमच्यात फक्त स्लॅबची, असं ठरवून घ्या. दोन्ही एकाच फाइलीत असतील तर एलिव्हेशनमधे डोकी एकमेकांवर चढतात, तेव्हा रेघेवरच्या तुटक चिन्हावर क्लिक करून कोपरा काढता येतो, डोकं बाजूला सरकवा.

आता आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली उंची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे सर्व्हेवाल्याच्या ड्रॉइंगमधे जमीन ५५० च्या आसपासच्या आकड्यांत येते, आणि कोणीतरी हुशार माणूस ग्राउंडची लेव्हलच ५५२ मीटरवर नेऊन ठेवतो. हे नको. ग्राउंड शून्यावरच असू द्या. सर्व्हे पॉइंटच्या हिशोबाने मॉडेलला खरी उंची द्या, मॅनेज टॅबमधे कोऑर्डिनेट्सखाली स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स ॲट पॉइंट आहे, आणि लेव्हलचा एक टाइप असा बनवा ज्यात एलिव्हेशन बेस सर्व्हे पॉइंट असेल. मग ज्या लेव्हलला तो टाइप लावाल तिथे आरएल दिसेल, बाकीच्यांना शून्यापासूनची उंची.

याच्याच जोडीचा दुसरा घोळ, सर्व्हेची कॅड फाइल यूटीएममधे (पृथ्वीवरची जागा मीटरमधे सांगायची पद्धत) असते आणि इंदुरात नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २५ लाख मीटरच्या आसपास निघतं. ती फाइल तशीच ओरिजिन टू ओरिजिन लिंक केली तर ती हजारो किलोमीटर लांब जाऊन पडते. रेव्हिटला आपल्या मूळ बिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या आतलंच नीट झेपतं, त्याच्या पलीकडे रेघा थरथरायला लागतात, स्नॅप चुकतात. सेंटर टू सेंटर लिंक करा, हाताने जागेवर आणा आणि मग ॲक्वायर कोऑर्डिनेट्स, म्हणजे त्या फाइलीचे खरे आकडे मॉडेलला मिळतात. मूळ बिंदू बिल्डिंगच्या जवळच ठेवा, शक्यतो ए आणि १ च्या छेदावर, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात एकच बिंदू राहतो, साइटवर मापांसाठी बांधलेली बुर्जी असते तसा.

ग्रिडवर येऊ. शॉर्टकट जीआर. पहिली ग्रिड काढली की लगेच नाव बदला, कारण पुढची त्याच्याच पुढचं नाव घेते, १ नंतर २, ए नंतर बी. आडव्या सगळ्या आधी काढा आणि मग उभ्या, मधे मधे उड्या मारल्या की नंबर घसरतात. रेव्हिट आय आणि ओ स्वतः गाळत नाही, आपल्याकडे ड्रॉइंगमधे ते एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून गाळतात, तर एच काढली की पुढची हाताने जे करा. आणि एक नाव प्रोजेक्टमधे एकदाच वापरता येतं, त्यामुळे नावं अदलाबदल करायची असतील तर एकाला तात्पुरतं काहीतरी फालतू नाव द्यावं लागतं. आमच्याकडे ते "पोहे" असतं. एकदा प्रिंटमधे तसंच गेलं होतं, साइटवरून फोन आला, "भिया, ये पोहे नंबर का कॉलम किधर डालना है?"

कॅडवरून पिक लाइन्सने ग्रिड उचलणं सगळ्यात पटकन होतं आणि सगळ्यात धोक्याचं पण तेच आहे. कॅडमधली रेघ ०.०३ अंश तिरकी असेल तर डोळ्याला कळत नाही, ग्रिडपण तेवढीच तिरकी येते, मग तिच्यावर भिंती, बीम, सगळं तिरकं, डायमेन्शन ४५०० च्या जागी ४४९९.६ आणि पुढे जॉइन होईनात. रेव्हिट अशा वेळी ऑफ ॲक्सिसची वॉर्निंग देतं, ती लोक क्रॉस करून पुढे जातात. नका जाऊ. एका कोपऱ्याची एक आडवी आणि एक उभी ग्रिड स्वतः ऑर्थोमधे काढा, बाकी सगळ्या कॉपीने, आकडा टाइप करून. कॅड फक्त खाली अंथरून ताडून बघायला. पंधरा मिनिटं जास्त लागतात. तसंच प्रोजेक्ट युनिट्समधे राउंडिंग पूर्ण आकड्यावर असेल तर ०.४ चा फरक लपून जातो, सुरुवातीला तरी दोन दशांश ठेवून तपासा.

सगळं जमलं की सिलेक्ट करून पिन, पीएन. हे मी तोंड दुखेपर्यंत सांगतो. ग्रिड चुकून हलली तर तिच्यावरचे कॉलम सोबत जातात, स्ट्रक्चरल कॉलममधे मूव्हज विथ ग्रिड्स चालू असतं म्हणून. लेव्हल हलली तर तिच्यावरचं सगळंच वर-खाली. आणि लेव्हल डिलीट केली तर तिच्यावर बसलेलं सामानपण जातं, हे सगळ्यात वाईट. मागे एका कामात, कुठल्या ते सोडा, कोणीतरी "ही लेव्हल कशाला आहे" म्हणून उडवली, वॉर्निंगला ओके केलं, आणि एका मजल्याचे टॉयलेटचे सगळे फिक्स्चर गेले, तीन दिवसांनी कळलं, तोपर्यंत बॅकअपच्या पुढे बरंच काम झालेलं. लेव्हल खरंच काढायची असेल तर आधी एक शेड्यूल बनवून बघा तिच्यावर काय काय बसलंय, भिंतींचा बेस कन्स्ट्रेंट दुसऱ्या लेव्हलला लावा, आणि लावल्यावर ऑफसेट परत भरा, कारण लेव्हल बदलली तरी ऑफसेटचा आकडा तोच राहतो आणि भिंत खाली-वर सरकते.

वर्कशेअरिंग, म्हणजे एकाच मॉडेलवर अनेकांनी काम करणं, चालू केलं की रेव्हिट स्वतःच शेअर्ड लेव्हल्स अँड ग्रिड्स नावाचा वर्कसेट बनवतो. त्याचा मालक एकच माणूस ठेवा. आमच्याकडे तो मी आहे, आणि मी सुट्टीवर असलो की ग्रिड हलत नाही, क्लायंटने कितीही आरडाओरडा केला तरी.

मोठी बिल्डिंग असेल, दोन-तीन ब्लॉक असतील, तर टोकं हाताने सांभाळणं शक्य नाही, तिथे स्कोप बॉक्स, म्हणजे ग्रिडची हद्द ठरवणारी पेटी. प्लॅनमधे असताना व्ह्यू टॅबवरून काढायचा, बिल्डिंगभोवती थोडी जागा सोडून, मग एलिव्हेशनमधे किंवा थ्रीडीत त्याची उंची बरोबर करायची, सगळ्या ग्रिड सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमधे स्कोप बॉक्स निवडायचा. आता पडद्याची लांबी-उंची बॉक्स ठरवतो, मजला वाढला तर बॉक्स वर ओढा, सगळ्या ग्रिड वर, आणि तो चौथ्या मजल्याचा फोन कधी येणार नाही. ए ब्लॉकच्या ग्रिड बी ब्लॉकच्या डोक्यावरून जात असतील तर प्रत्येक ब्लॉकला वेगळा बॉक्स. तोच बॉक्स व्ह्यूलापण लावता येतो, मग सगळ्या मजल्यांचे क्रॉप एकसारखे येतात आणि शीटवर प्लॅन एकावर एक बरोबर बसतात.

दुसऱ्याचं मॉडेल लिंक करून काम करत असाल, म्हणजे आमच्यासारखे स्ट्रक्चरवाले, तर ग्रिड परत काढू नका. कोलॅबोरेट टॅबमधे कॉपी मॉनिटर, सिलेक्ट लिंक, आर्किटेक्टची लिंक निवडा, मग कॉपी. त्याआधी ऑप्शन्स उघडा, लेव्हलच्या टॅबमधे ऑफसेट टाकता येतो, वजा ७५ टाकला की आपली स्लॅब लेव्हल तयार, आणि नावापुढे प्रीफिक्सपण. कॉपी करताना मल्टिपल टिक करा म्हणजे एकदम सगळ्या उचलता येतात, शेवटी दोन फिनिश असतात, आधी सिलेक्शनचं आणि मग मुख्य, दुसरं विसरलात तर अडकून पडाल. नंतर आर्किटेक्टने ग्रिड सरकवली आणि तुम्ही लिंक रीलोड केली की कोऑर्डिनेशन रिव्ह्यूची वॉर्निंग येते. तिथे मॉडिफाय दाबलं की आपली ग्रिड आपोआप सरकते. चहा पिता पिता दाबू नका, आधी त्याला फोन करून विचारा की मुद्दाम हलवली की चुकून. मी पाहिलेल्यांत चुकूनच जास्त.

शेवटी प्रिंटला जाण्याआधीची माझी एक तपासणी. कॉलमचं शेड्यूल बनवा आणि त्यात कॉलम लोकेशन मार्क घ्या. कॉलम छेदावर असेल तर बी-३ असं सरळ येतं. बाजूला असेल तर कंसात किती बाजूला ते येतं, बी(-१५०)-३ असं. मुद्दाम १५० सरकवलेला असेल तर ठीक. पण यादीत कुठे कंसात ३ नाहीतर ७ असा आकडा दिसला की समजा कोणीतरी पिन काढून ग्रिडला हात लावलाय, नाहीतर कॉलम हाताने टाकलाय. गेल्या वेळी बेचाळीस कॉलममधे असे चार सापडले, तिघांना परत छेदावर आणलं, चौथा बघायला गेलो तर ग्रिडच तिरकी निघाली.